पाणी प्यावें, पण पैजेनें नव्हे

पाण्यापासून कोणास अपाय होईल असें सांगूं गेल्यास आमचे बालवाचक हंसतील, आणि त्यांचे आईबाप कदाचित् रागावतील. ज्या महाराष्ट्रांत चैत्र-वैशाखांत विहिरी तळ गांठतात, जेथें हंडाभर पाण्यासाठीं कित्येक मायबहिणींस दूर दूर चालत जावें लागतें, तेथें ‘पाणी फार पिऊं नका’ हा उपदेश अप्रासंगिक, किंबहुना निष्ठुर वाटण्याचा संभव आहे. म्हणून आरंभींच सांगून ठेवितों कीं, आम्ही पाण्याचे वैरी नव्हों. आपल्या उष्ण देशांत पाणी कमी पडल्यानें होणारे हाल तें अधिक झाल्यानें होणाऱ्या हालांहून फार मोठे आहेत. आमचा आक्षेप पाण्यावर नसून तें पिण्याच्या एका विशिष्ट रीतीवर आहे. थोड्या वेळांत, ईर्षेनें किंवा भीतीनें, तहान भागल्यावरहि तें पोटांत लोटीत राहावयाचें, ही ती रीति होय.

हा विषय आम्हांस सुचला तो एका लहानशा प्रसंगावरून. एका क्रीडामहोत्सवास आम्ही प्रेक्षक म्हणून गेलों होतों. लांब पल्ल्याची शर्यत नुकतीच संपली होती. कडुलिंबाच्या सावलींत दोन मुलांनीं पैज लाविली कीं, लिटर-लिटरच्या बाटल्या कोण अगोदर रिकाम्या करतो तें पाहूं. पहिली बाटली संपली, दुसरी आली. ‘तिसरी, तिसरी’ म्हणून पोरें ओरडूं लागलीं. भोंवतीं जमलेल्या मंडळींत वडील माणसेंहि होतीं. आणि सांगावयास लाज वाटते, पण टाळ्या वाजविणाऱ्यांत आम्हीहि होतों. तिसरी बाटली निम्मी होते न होते तोंच त्यांतील धाकटा मुलगा पांढरा फटक पडला, कपाळ धरून खालीं बसला, आणि त्यास भडभडून ओकारी झाली. पुष्कळसें पाणी बाहेर पडलें व सायंकाळपर्यंत तो पूर्ववत् हिंडूं-फिरूं लागला. आम्ही सर्व ‘ऊन लागलें’ असें म्हणून मोकळे झालों. इतकेंच नव्हे, तर एका गृहस्थांनीं ‘त्याला आणखी थोडें पाणी पाजा’ असाहि सल्ला दिला!

पुढें एका डॉक्टर स्नेह्यांशीं बोलतांना हा प्रसंग निघाला. गंमत म्हणून आम्हीं तो सांगूं लागलों, पण त्यांच्या चेहऱ्यावरचें हास्य मावळलें. ‘त्या पोराच्या पोटानें शहाणपण दाखविलें म्हणून बरें, भोंवतालच्या मंडळींनीं कांहीं दाखविलें नाहीं,’ असें ते म्हणाले. तें वाक्य आम्हांस लागलें, आणि त्यांतूनच हा लेख निघाला आहे.

आतां यांत धोका कोणता, तें पाहूं. आपल्या शरीराचा निम्म्याहून अधिक भाग पाणीच आहे. पण तें नुसतें पाणी नव्हे, खारें पाणी आहे. घाम खारट लागतो, आसवें खारट लागतात, हा अनुभव प्रत्येकास आहे. या खारटपणाच्या मुळाशीं मुख्यतः सोडियम हें द्रव्य असतें. निरोगी माणसाच्या रक्तांत त्याचें प्रमाण दर लिटरास सुमारें १३५ ते १४५ मिलिमोल इतकें असतें, आणि तें फारसें ढळूं न देण्याची दक्षता शरीर अहोरात्र घेत असतें. पाणी कमी पडलें कीं मेंदू आपणांस तहानेची सूचना देतो व मूत्रपिंडें पाणी राखून ठेवितात. पाणी अधिक झालें कीं तींच मूत्रपिंडें तें गाळून लघवीवाटे बाहेर टाकतात. इतका चोख कारभार क्वचितच कोठें पाहावयास मिळेल.

परंतु चोख कारभाऱ्याच्याहि कामास मर्यादा असते. धडधाकट प्रौढ माणसाचीं मूत्रपिंडें तासाला साधारणपणें ८०० मिलिलिटर ते १ लिटर एवढेंच पाणी बाहेर टाकूं शकतात. लहान मुलांची शक्ति त्याहून कमी. त्यापेक्षां जलद पाणी आंत येऊं लागलें तर तें शिल्लक राहतें व रक्त पातळ होतें. शिजलेल्या वरणांत तांब्याभर पाणी ओतावें, पण मीठ मात्र तेवढेंच राहावें, तशी गत होते. मग रक्तांतलें हें अळणी पाणी शरीराच्या पेशींत शिरूं लागतें व पेशी फुगतात. हातापायांच्या पेशी थोड्याशा फुगल्या तर त्यांना पसरावयास जागा आहे. मेंदू मात्र हाडाच्या बंद पेटींत बसलेला. त्यास फुगावयास जागा कोठून मिळणार? म्हणून प्रथम डोकें दुखतें, मळमळतें, वांती होते. मग माणूस असंबद्ध बोलूं लागतो, आंकडी येते, शुद्ध हरपते. आणि वेळीं उपाय न झाल्यास श्वास बंद पडून मृत्युहि ओढवतो.

येथें आणखी एक गोष्ट ध्यानांत ठेवण्याजोगी आहे. अतिशय श्रम, वेदना, भीति किंवा मळमळ यांच्या वेळीं मेंदूच्या तळाशीं असलेल्या एका लहानशा ग्रंथींतून व्हॅसोप्रेसिन नांवाचा स्राव रक्तांत उतरतो, आणि तो मूत्रपिंडांस जणूं ‘पाणी सोडूं नका’ अशी आज्ञा देतो. अर्थात् शर्यतीहून नुकत्याच आलेल्या मुलाचें शरीर म्हणजे दरवाजे लावून घेतलेलें धरण होय. अशा धरणावर मुसळधार पाऊस पाडावा कीं नाहीं, याचा विचार ज्याचा त्यानेंच करावा.

हा विकार कांहीं आजचा नव्हे. सन १९२३ मध्यें अमेरिकेंत काम करणाऱ्या लेनर्ड राउंट्री या वैद्यानें त्याचें वर्णन केलें व त्याला ‘पाण्याची विषबाधा’ असेंच नांव दिलें. त्याच दशकांत इंग्लंडांतील खोल व उष्ण कोळशाच्या खाणींत काम करणाऱ्या मजुरांस असह्य पेटके येत. घामावाटे त्यांच्या अंगांतलें मीठ निघून जाई, आणि तहानेनें व्याकुळ झालेले ते लोक साधें पाणी भराभर पीत. त्यामुळें त्यांची पीडा वाढे. पाण्यांत थोडें मीठ घालून देतांच त्यांना आराम पडूं लागला. पुढें १९८५ सालीं दक्षिण आफ्रिकेंतील डॉ. टिमथी नोक्स यांनीं चार खेळाडूंचा वृत्तांत प्रसिद्ध केला. पाण्याच्या अभावानें नव्हे, तर त्याच्या अतिरेकानें ते आजारी पडले होते. परंतु धावपटूंस ‘तहान लागण्यापूर्वींच प्या, जमेल तितकें प्या’ असा उपदेश पुढेंहि बरींच वर्षें होत राहिला, आणि डॉ. नोक्स यांचें म्हणणें फारशा कोणीं मनावर घेतलें नाहीं.

त्याचें फळ काय झालें? २००२ सालच्या बॉस्टन येथील मॅराथॉन शर्यतींत एका २८ वर्षांच्या स्त्रीस याच विकारानें मृत्यु आला. त्याच शर्यतींत अखेरच्या रेषेवर ४८८ धावपटूंचें रक्त तपासण्यांत आलें होतें. त्याचा निष्कर्ष २००५ मध्यें प्रसिद्ध झाला. शेंकडा १३ जणांच्या रक्तांतील सोडियम कमी झालेलें होतें, आणि तिघांचें तर प्राणावर बेतावें इतकें खालीं गेलें होतें. शर्यतीच्या आरंभापेक्षां शेवटीं ज्यांचें वजन वाढलें होतें, त्यांच्यांत हा विकार विशेष आढळला. कित्येक तास धावून वजन वाढावें याचा अर्थ उघड आहे: घामावाटे जेवढें गेलें त्याहून अधिक पोटांत गेलें होतें. शेवटीं २०१५ सालीं या विषयाचे निरनिराळ्या देशांतील तज्ज्ञ कॅलिफोर्नियांत एकत्र जमले, आणि खेळाडूनें तहानेच्या प्रमाणांत पाणी प्यावें, हाच मार्ग त्यांनीं सुरक्षित ठरविला. म्हणजे विद्वानांनीं पुष्कळ वर्षें खटपट करून शेवटीं तहान हाच प्रमुख वैद्य मानला!

याहून हृदयद्रावक गोष्ट २००७ सालच्या जानेवारी महिन्याची आहे. कॅलिफोर्नियांतीलच सॅक्रमेंटो शहरीं एका नभोवाणी केंद्रानें स्पर्धा ठेविली कीं, लघवीस न जातां जो सर्वांत अधिक पाणी पिईल, त्यास व्हिडिओ गेमचें एक यंत्र बक्षीस मिळेल. तीन लेंकरांची एक २८ वर्षांची आई आपल्या मुलांसाठीं तें यंत्र मिळवावें म्हणून त्या स्पर्धेंत उतरली. कार्यक्रम चालूं असतां एका श्रोत्या बाईनें दूरध्वनीवरून, असें पाणी पिणें जिवावर बेतेल, असा इशारा दिला. पण तो हंसण्यावारी नेण्यांत आला. ती माता डोकें फार दुखत असल्याचें सांगत घरीं गेली, आणि त्याच दिवशीं मरण पावली. २००९ मध्यें न्यायालयांतील पंचांनीं तिच्या कुटुंबास १ कोटी ६५ लाख डॉलरांहून अधिक भरपाई देवविली. पण आई गमावलेल्या लेंकरांचें त्या पैशानें काय भरून येणार?

ही हकीकत कळल्यावर आमच्या मनांत पहिला विचार आला तो त्या हंसणाऱ्यांचा. त्यांतील कोणाच्याहि मनांत दुष्टावा नसेल. त्यांना वाटलें असेल कीं, पाणीच तर आहे! कडुलिंबाखालीं आम्हांलाहि तसेंच वाटलें होतें. दारूची पैज लागली असती तर आम्हीं आरडाओरड केली असती. कोणी विषारी वस्तु तोंडांत घालीत असतें तर धांवत जाऊन हात धरला असता. पाण्याच्या पैजेस मात्र आम्हीं टाळ्या दिल्या. म्हणून आमचें स्पष्ट मत असें आहे कीं, अशा प्रसंगीं खरा दोष पिणाऱ्या पोराचा नव्हे. तें पोर ईर्षेस पेटलेलें असतें. त्याची तहान केव्हांच भागलेली असते, आणि तें पाणी पीत नसतें, तर आमच्या टाळ्या पीत असतें. त्या टाळ्या थांबल्या तर बाटली आपोआप खालीं ठेविली जाते. पैज लावणारे दोघे असतात, परंतु ती चालविणारे आपण भोंवतालचे असतों.

कोणी म्हणतील, ‘अशानें मुलांचा पुरुषार्थच नाहींसा होईल, थोडी ईर्षा हवीच.’ ईर्षा अवश्य हवी. धांवण्यांत हवी, पोहण्यांत हवी, गणितांतहि हवी. पण ज्या कामीं शरीराचा कारभारी ‘पुरे’ म्हणून सांगत असतां त्याचा आवाज दाबून टाकावा लागतो, त्यांत कसला आला आहे पुरुषार्थ? बायबलांतील गिदोनाची कथा आमच्या विद्यार्थ्यांस परिचित आहे. हरोदाच्या झऱ्यावर त्याचे दहा हजार लोक पाणी पिण्यास उतरले, आणि ओंजळीनें पाणी तोंडाशीं नेऊन पिणारे तीनशेच तेवढे लढाईसाठीं निवडले गेले. त्या निवडीचा मूळ हेतु निराळा होता, हें आम्ही जाणतों. तरीपण ती कथा वाचतांना आमच्या मनांत नेहमीं येतें कीं, शूरांची परीक्षा झाली ती किती पाणी प्यालें यावरून नव्हे, तर तें कसें प्यालें यावरून!

आतां दोन शब्द पालकांसाठीं. ‘रोज आठ पेले पाणी प्यालेंच पाहिजे’ हा नियम हल्लीं घरोघरीं ऐकूं येतो, आणि कित्येक माता संध्याकाळीं पेले मोजून उरलेलें पाणी मुलाच्या गळीं उतरवितात. १९४५ सालीं अमेरिकेंतील आहारतज्ज्ञांच्या एका मंडळानें प्रौढ माणसास दिवसाला सुमारें अडीच लिटर पाणी लागतें असें म्हटलें होतें खरें. पण यांतील बहुतेक पाणी अन्नांतूनच मिळतें, असेंहि त्यांनीं त्याच ठिकाणीं सांगितलें होतें. पहिलें वाक्य जगभर गेलें, दुसरें मागें राहिलें. आपल्या भातांत, वरणांत, भाजींत, ताकांत, फळांत पाणीच पाणी असतें. मुलाची लघवी फिकट पिवळी असेल आणि तें खेळतें-हंसतें असेल, तर पेले मोजण्याचें कारण नाहीं. ज्यांना मूत्रपिंडाचा किंवा हृदयाचा विकार आहे, त्यांनीं मात्र आपल्या डॉक्टरांच्या सांगण्याप्रमाणेंच वागावें.

तान्ह्या मुलाची गोष्ट तर याहून नाजूक. सहा महिन्यांच्या आंतील बाळास आईच्या दुधांतून लागेल तेवढें पाणी मिळतें. त्यास वरून पाणी पाजूं नये, असें जागतिक आरोग्य संघटना सांगते. उन्हाळा आहे म्हणून चमच्यामागून चमचे पाणी घालणें, किंवा डब्याची भुकटी पुरवठ्यास यावी म्हणून तींत दुप्पट पाणी मिसळणें, यानें बाळास आंकडी आल्याचीं उदाहरणें वैद्यांस माहीत आहेत. त्यांत आईची माया कमी नसते. माहिती कमी असते.

जुलाब-वांत्यांच्या वेळीं मात्र पाणी द्यावेंच लागतें. पण नुसतें पाणी पुरत नाहीं. सन १९७१ मध्यें बांगलादेशाच्या युद्धामुळें लाखो निर्वासित बंगालांत आले व बनगांव येथील छावणींत पटकीनें कहर केला. शिरेंतून देण्याचें औषध संपत आलें, तेव्हां डॉ. दिलीप महालनबीस यांनीं दर लिटर पाण्यांत २२ ग्रॅम ग्लुकोज, साडेतीन ग्रॅम मीठ व अडीच ग्रॅम खाण्याचा सोडा मिसळून तें रोग्यांस पाजण्याची व्यवस्था केली. शेंकडा तीसच्या घरांत गेलेलें मृत्यूचें प्रमाण चारांच्याहि खालीं आलें. प्राण वांचविले ते नुसत्या पाण्यानें नव्हे, तर मापानें मिसळलेल्या पाण्यानें. म्हणून ओआरएसची पुडी जेवढ्या पाण्यांत मिसळावयास सांगितली असेल तेवढ्याच पाण्यांत मिसळावी, आणि चमच्या-चमच्यानें पाजावी.

हें शहाणपण आपल्या घरांत पूर्वींपासून नांदत आलें आहे. उन्हांतून आलेल्या पाहुण्यापुढें आपण लगेच हंडा ठेवीत नाहीं. त्याला टेंकूं देतों, गुळाचा खडा देतों, मग पाण्याचा तांब्या देतों. कैरीच्या पन्ह्यांत आजी चिमूटभर मीठ घालते. ताक तर मिठावांचून आपण पीतच नाहीं. कोंकणांत व गोव्यांत मिठाची पेज घेऊन माणसें शेतावर राबलीं. सोडियमाचें नांवहि ज्यांनीं ऐकलें नव्हतें त्यांची ही रीत शास्त्राशीं कशी जुळते, हें पाहून आदर वाटतो. मात्र यावरून कोणी मीठ फांकूं लागूं नये, किंवा बाजारांतील रंगीत पेयें प्याल्यानें धोका टळतो असेंहि समजूं नये. तींहि रक्ताहून अळणीच असतात, व भराभर प्याल्यास तोच अपाय करतात.

मग विद्यार्थ्यांनीं करावें तरी काय? खेळून आल्यावर प्रथम सावलींत बसावें. पेलाभर पाणी घोट-घोट प्यावें, थांबावें, आणि पुन्हां तहान लागली तर पुन्हां प्यावें. दिवसभर पाण्यास न शिवतां सायंकाळीं बाटली घटाघटा रिकामी करण्यापेक्षां थोडें थोडें पिणें बरें. सन २०१९ मध्यें केरळांतील कांहीं शाळांनीं याचसाठीं ठराविक वेळीं ‘पाण्याची घंटा’ वाजविण्यास आरंभ केला. ती प्रथा आम्हांस फार पसंत आहे. आणि कोणी पुष्कळ पाणी पिऊन डोकें धरून बसला, ओकूं लागला, किंवा भलतेंच बोलूं लागला, तर त्यास आणखी पाणी पाजूं नये. शिक्षकांस हांक मारावी व विलंब न लावतां रुग्णालयांत न्यावें. तेथें पोहोंचतांच, तो किती पाणी प्याला, हें डॉक्टरांस अवश्य सांगावें. कारण ऊन लागल्याचीं व पाणी अधिक झाल्याचीं लक्षणें पुष्कळशीं सारखींच दिसतात, परंतु उपाय अगदीं उलट असतात.

तान्हेल्यास प्रेमानें दिलेला गार पाण्याचा एक प्याला देवाच्या दरबारीं विसरला जात नाहीं, असें शुभवर्तमानांत प्रभूनें शिकविलें आहे. तो प्याला तहानेसाठीं आहे, पैजेसाठीं नव्हे. येत्या क्रीडादिनीं आमच्या मैदानावर पाणी भरपूर असावें, आणि ज्याला हवें त्याला तें मिळावें, अशी आमची इच्छा आहे. पण कोठें ‘आणखी एक, आणखी एक’ असा गलका ऐकूं आला, तर टाळ्या न वाजवितां पुढें होऊन बाटली हातांतून काढून घेणारा एक तरी विद्यार्थी निघावा. गेल्या वेळीं तें काम आमच्या हातून झालें नाहीं. पुढच्या वेळीं तें आमच्या वाचकांच्या हातून व्हावें, एवढेंच मागणें आहे.